मातेचें अन्न आणि बालकाचें बळ

आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, ही म्हण आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकानें घरीं ऐकली असेल. ती बहुधा अभ्यास न करणाऱ्या विद्यार्थ्यास उद्देशून वापरली जाते. परंतु तिचा खरा व गंभीर अर्थ समजून घ्यावयाचा असेल, तर माता आणि बालक यांच्याकडे पाहावें. गर्भांतील बालकाजवळ स्वतःचें असें कोठार नसतें. हाड, मांस, रक्त, मेंदू, जें जें त्यास घडवावयाचें, तें तें त्याला मातेच्या शरीरांतून घ्यावें लागतें. आणि मातेच्या शरीरांत जें येतें, तें तिच्या ताटांतून येतें. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं, तींत संशोधन करण्यासारखें काय आहे, असें कोणासही वाटेल. तथापि गेल्या सुमारें शंभर वर्षांत मुंबई, पश्चिम आफ्रिका, हॉलंड, मध्य अमेरिका व पुणें अशा दूरदूरच्या ठिकाणीं शोधकांनीं याच एका प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि प्रत्येक वेळीं त्यांना कांहीं तरी नवीन सांपडलें. त्या शोधांची हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी, आणि तिच्यापासून आपण आपल्या घरापुरता कोणता बोध घ्यावयाचा तें पाहावें, हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम या प्रश्नाचा आवांका लक्षांत घेऊं. वयाच्या मानानें ज्या मुलाची उंची फारच कमी असते, त्यास आहारशास्त्रज्ञ खुरटलेलें मूल म्हणतात. आणि उंचीच्या मानानें ज्याचें वजन फारच कमी असतें, त्यास रोडावलेलें मूल म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या बालकनिधीनें व जागतिक आरोग्य संघटनेनें मिळून केलेल्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं जगांत पांच वर्षांखालील सुमारें १५ कोटि मुलें खुरटलेलीं होतीं व ४ कोटींहून अधिक मुलें रोडावलेलीं होतीं. आपल्या देशांत २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पांच वर्षांखालील दर १०० मुलांमागें ३५ हून अधिक मुलें खुरटलेलीं आढळलीं. त्याच पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या दर १०० स्त्रियांमागें ५७ स्त्रिया रक्तक्षयानें पीडित होत्या, आणि १५ ते १९ वर्षांच्या मुलींत तें प्रमाण ५९ होतें. म्हणजे आमच्या वरच्या वर्गांत बसणाऱ्या मुलींच्याच वयाच्या मुली यांत मोडतात, हें वाचकांनीं विसरूं नये.

पहिली हकीकत आपल्या मुंबईचीच आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत मुंबईंतील कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांमध्यें गरोदरपणीं एक भयंकर रक्तक्षय होत असे. चेहरा पांढरा फटफटीत पडे, पायांस सूज येई, चार पायऱ्या चढतांच धाप लागे. आणि प्रसूतीच्या वेळीं अशा स्त्रिया पुष्कळ दगावत. भारतीय वैद्यकीय सेवेंतील डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या सूचनेवरून लूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ सालीं या रोगाचा तपास करण्याकरितां मुंबईस आल्या, व हाफकिन संस्थेंत त्यांनीं कामास आरंभ केला. हा रोग जंतूंमुळें होतो काय, हें त्यांनीं प्रथम तपासून पाहिलें. जंतु सांपडेनात. तेव्हां त्यांनीं रोगी स्त्रियांच्या राहणीची व जेवणाची बारकाईनें चौकशी केली, आणि ज्यांच्या आहारांत भाजीपाला, फळें व सकस अन्न यांची वाण असे, त्याच स्त्रियांत हा रोग अधिक आहे, असें त्यांना आढळून आलें.

परंतु असें वाटणें निराळें आणि तें सिद्ध करणें निराळें. विल्सबाईंनीं तसाच निकृष्ट आहार प्राण्यांना देऊन पाहिला. त्यांच्या प्रयोगशाळेंतील एक माकड या आहारानें अगदीं खंगलें असतां त्याला यीस्टचा अर्क देण्यांत आला. हा अर्क मार्माइट या नांवानें विलायतेंत पावास लावून खात असत. तो स्वस्त होता व कोठेंही मिळण्यासारखा होता. माकड झपाट्यानें सुधारलें. मग तोच अर्क रोगी स्त्रियांना देतांच थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तांत नव्या रक्तपेशी दिसूं लागल्या. १९३१ सालीं बाईंनीं हा शोध प्रसिद्ध केला. अर्कांतील गुणकारी द्रव्य कोणतें, हें मात्र त्या वेळीं कोणास ठाऊक नव्हतें. म्हणून शास्त्रज्ञ त्याला विल्सबाईंचेंच नांव देऊन ओळखूं लागले. १९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या पानांपासून एक द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. लॅटिन भाषेंत पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून त्यास फोलिक आम्ल हें नांव मिळालें. विल्सबाईंच्या अर्कांतील द्रव्य हेंच होय, असें पुढें ठरलें. तें कृत्रिम रीतीनें तयार करण्याचें काम १९४५ च्या सुमारास ज्या मंडळानें केलें, त्याचे प्रमुख आंध्र प्रदेशांतील भीमवरम येथें जन्मलेले डॉ. यल्लाप्रगड सुब्बाराव हे होते, ही गोष्ट आम्हां भारतीयांस विशेष अभिमानाची आहे.

या शोधाचें फळ एवढ्यावरच थांबलें नाहीं. मेंदू व पाठीचा कणा यांची घडण बिघडून जन्मास येणारीं बालकें सर्व देशांत आढळतात. ज्या मातांना पूर्वीं असें मूल झालें होतें, त्यांना पुढील गर्भधारणेपूर्वींपासून फोलिक आम्ल देऊन सात देशांतील ३३ केंद्रांत एक मोठा प्रयोग करण्यांत आला. १९९१ सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. हें व्यंग पुन्हां होण्याचा धोका ७२ टक्क्यांनीं कमी झाला होता. आज प्रत्येक गरोदर स्त्रीस दवाखान्यांतून लोह व फोलिक आम्ल यांच्या गोळ्या देतात. त्या साध्या गोळीचें एक मूळ मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांच्या दुःखांत आहे, हें किती थोड्यांना ठाऊक असतें!

दुसरी हकीकत आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोल्ड कोस्टची. हाच देश १९५७ सालीं स्वतंत्र होऊन घाना या नांवानें ओळखला जाऊं लागला. १९२९ सालीं तेथें सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाई सरकारी नोकरीवर गेल्या. त्यांचा जन्म जमेका बेटांतला. एक ते चार वर्षांच्या मुलांचा एक विचित्र आजार त्यांच्या दृष्टीस पडला. मुलाचे हातपाय सुजत, केस तांबूस व विरळ होत, कातडी काळवंडून तिचे पापुद्रे निघत, मूल सारखें किरकिरत राही व अखेर मरून जाई. सुजेमुळें तें वरवर गुटगुटीत दिसे, आणि म्हणूनच पाहणारा फसत असे. इतर डॉक्टर याला दुसऱ्याच एका ठाऊक असलेल्या रोगाचें नांव देऊन मोकळे झाले होते. विल्यम्सबाईंनीं मात्र त्या देशांतील स्त्रियांनाच विचारलें कीं, तुम्ही या आजाराला काय म्हणतां? उत्तर मिळालें, क्वाशिओरकोर. गा भाषेंतील या शब्दाचा भाव असा कीं, पाठचें भावंड आल्यामुळें आईपासून दूर सारलेल्या मुलास होणारा आजार.

या एका शब्दांत रोगाचें अर्धें निदान होतें. धाकटें बाळ येणार म्हणून थोरल्याचें अंगावरचें दूध तुटे, आणि त्याच्या जागीं त्यास केवळ मक्याची पेज मिळे. पोट भरे, पण शरीर घडविणारें द्रव्य त्यांत पुरेसें नसे. विल्यम्सबाईंनीं अशा मुलांना दूध देऊन पाहिलें, व वेळीं आणलेलीं पुष्कळ मुलें वांचलीं. १९३३ सालीं त्यांनीं या आजाराचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि १९३५ सालीं तो आफ्रिकन शब्दच जगाच्या वैद्यकशास्त्रांत रूढ केला. पुढील संशोधकांनीं दाखविलें कीं, प्रथिनांची उणीव हें या रोगाचें एकमेव कारण नव्हे. परंतु दूध तुटण्याची वेळ ही बालकाच्या आयुष्यांतील धोक्याची वेळ होय, हें बाईंचें म्हणणें आजतागायत खरें ठरलें आहे. १९४८ सालीं जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली, तेव्हां तिच्या माता-बाल आरोग्य विभागाच्या पहिल्या प्रमुख म्हणून विल्यम्सबाईंचीच नेमणूक झाली. निरक्षर म्हणून जिला आपण हिणवतों, त्या आईजवळही ज्ञान असतें, आणि तिला आदरानें विचारणें हाही संशोधनाचाच भाग होय, ही गोष्ट आम्हांस या कथेंत सर्वांत मोलाची वाटते.

तिसरी हकीकत दुःखद आहे. ती कोणीं योजून केलेल्या प्रयोगाची नसून युद्धानें लादलेल्या उपासमारीची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिंवाळ्यांत, म्हणजे १९४४ च्या अखेरीपासून १९४५ च्या वसंतऋतूपर्यंत, जर्मन सत्तेखालील पश्चिम हॉलंडमध्यें अन्नाचा पुरवठा तुटला. माणशीं रोजचा शिधा १,००० कॅलरींच्या खालीं गेला, आणि हजारों माणसें भुकेनें मेलीं. त्या वेळीं ज्या स्त्रिया गरोदर होत्या, त्यांच्या मुलांच्या नोंदी दवाखान्यांत व्यवस्थित ठेवलेल्या होत्या. पुढें अनेक वर्षांनीं शोधकांनीं त्या नोंदी काढून त्याच मुलांची मोठेपणीं तपासणी केली. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ज्यांच्या माता उपाशी राहिल्या, तीं मुलें जन्मतःच सुमारें ३०० ग्रॅमनीं हलकीं होतीं. पण ज्यांच्या माता पहिल्या महिन्यांत उपाशी राहिल्या व नंतर ज्यांना अन्न मिळालें, त्यांचीं मुलें जन्मतः चांगल्या वजनाचीं दिसलीं. तरी प्रौढ वयांत त्यांच्यामध्यें हृदयविकार अधिक आढळला. सारांश, गर्भानें सोसलेली भूक वजनांत दिसली नाहीं तरी शरीर ती विसरत नाहीं.

चौथी हकीकत मध्य अमेरिकेंतील ग्वाटेमाला देशाची. तेथें १९४९ सालीं मध्य अमेरिकेंतील राष्ट्रांनीं मिळून एक पोषण संस्था काढली. या संस्थेनें १९६९ पासून १९७७ पर्यंत चार खेड्यांत एक प्रयोग केला. दोन खेड्यांत गांवच्या एका जागीं रोज दोन वेळां आतोले नांवाचें पेय मिळे. तें आपल्याकडील आंबिलीसारखें दाट असे, व त्यांत धान्य आणि सरकी यांचें सकस पीठ, दुधाची भुकटी आणि साखर घालीत. उरलेल्या दोन खेड्यांत प्रथिनें नसलेलें गोड सरबत मिळे. औषधोपचार मात्र चारही खेड्यांत सारखेच फुकट होते. असें कां केलें, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावें. केवळ एकाच गांवांत पेज वाटून मुलें वाढलीं असतीं, तर तीं पेजेमुळें वाढलीं कीं औषधामुळें, हें कोण सांगणार? तुलनेवांचून निर्णय नाहीं, हें शास्त्राचें पहिलें सूत्र आहे.

निकाल असा लागला कीं, आतोले पिणारीं मुलें अधिक उंच झालीं. परंतु वाढींतील हा लाभ तीन वर्षांच्या आंतील मुलांनाच झाला. त्याहून मोठ्या मुलांना तेंच पेय देऊनही उंचींत फरक पडला नाहीं. यानंतर शोधकांनीं त्या मुलांची पाठ सोडली नाहीं. सुमारें तीस वर्षांनीं, तीं कर्तीं झाल्यावर, ते पुन्हां त्यांच्या दारीं गेले. पहिल्या दोन वर्षांत ज्यांना आतोले मिळालें होतें, ते पुरुष तासाला इतरांच्या मानानें सुमारें ४६ टक्के अधिक मजुरी मिळवीत होते. स्त्रियांचें शालेय शिक्षण सरासरी एका इयत्तेहून अधिक झालें होतें. आणि ज्यांना लहानपणीं तें पेय मिळालें, त्यांच्या पोटीं आलेलीं मुलेंही अधिक वजनाचीं निपजलीं. एका वाटीभर पेजेचें व्याज तिसऱ्या पिढीस मिळालें! याहून फायद्याची ठेव कोणत्या पेढींत मिळेल, हें आमच्या व्यापारी पालकांनींच सांगावें.

अशा अनेक देशांतील पुराव्यांची छाननी करून २००८ सालीं लॅन्सेट या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत एक लेखमाला प्रसिद्ध झाली. तिचें सार असें कीं, गर्भधारणेपासून मुलास दोन वर्षें पुरीं होईपर्यंतचा काळ हा पोषणाचा खरा मोसम होय. गर्भांतील सुमारें २७० दिवस व पुढील दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून १,००० दिवस होतात. शेतकऱ्यास पेरणीच्या दिवसांची जी किंमत, तीच आईबापांस या हजार दिवसांची असावी. पाऊस गेल्यावर कितीही पाणी दिलें तरी खुरटलेलें पीक पूर्वस्थितीस येत नाहीं. मात्र मोसम साधला नाहीं म्हणून मूल टाकून द्यावें, असा याचा अर्थ नव्हे. अत्यंत रोडावलेल्या मुलांकरितां आंद्रे ब्रियां या फ्रेंच डॉक्टरांनीं १९९६ च्या सुमारास शेंगदाण्याचें वाटण, दुधाची भुकटी, तेल, साखर व जीवनसत्त्वें यांचें एक मऊ खाद्य तयार करविलें. त्यास ना पाणी लागतें, ना चूल. तेव्हांपासून हजारों मुलांवर रुग्णालयाऐवजीं त्यांच्या आईच्या मांडीवरच उपचार होऊं लागले, आणि २००७ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनींही या पद्धतीस मान्यता दिली.

आतां पुन्हां आपल्या प्रांताकडे वळूं. १९९३ सालीं पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास हातीं घेतला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन सुमारें २ किलो ७०० ग्रॅम भरलें. इंग्लंडांतील साउदम्प्टन शहरांत तें सुमारें साडेतीन किलो होतें. परंतु नवल असें कीं, आपल्या बालकांत स्नायु कमी असले तरी कातडीखालील चरबी त्या मानानें फारशी कमी नव्हती. बाहेरून रोड, आंतून मेदयुक्त अशीं हीं बालकें पुढें मधुमेहाकडे झुकण्याचा संभव अधिक असतो. याच अभ्यासांत असेंही दिसून आलें कीं, ज्या माता गरोदरपणीं हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध हे पदार्थ वारंवार खात, त्यांचीं बालकें अधिक सुदृढ उपजलीं. पुष्कळ मातांत ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव आढळली. हें जीवनसत्त्व दूध, अंडीं, मासे व मांस यांतूनच मिळतें.

मग पालेभाजी, फळें व दूध हीं मुद्दाम दिलीं तर? हा प्रश्न मुंबईंत विचारला गेला. २००६ ते २०१२ या काळांत झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या सहा हजारांहून अधिक स्त्रियांना गर्भधारणेच्या पूर्वींपासून रोज एक खाद्य देण्यांत आलें. निम्म्या स्त्रियांच्या खाद्यांत पालेभाजी, फळें व दूध होतें. उरलेल्यांच्या खाद्यांत बटाटा, कांदा असे पदार्थ होते. निकाल अपेक्षेप्रमाणें सरळ लागला नाहीं. सर्व बालकांचें वजन एकंदरींत लक्षांत येण्याजोगें वाढलें नाहीं. ज्या माता मुळांत अगदीं कृश नव्हत्या, त्यांच्या बालकांचें वजन वाढलें. परंतु अति कृश मातांच्या बालकांत तो लाभ दिसला नाहीं. गरोदरपणींचा मधुमेह मात्र पहिल्या गटांत पुष्कळ कमी झाला. शोधकांनीं हा निकाल जसाच्या तसा जगापुढें मांडला, हेंच शास्त्राचें शील होय. आम्हांस तर या निकालांतून आरंभींच्या म्हणीचाच अर्थ अधिक स्पष्ट झालेला दिसतो. वर्षानुवर्षें कोरडा पडलेला आड चार महिन्यांच्या पावसानें भरत नाहीं. मातेचें पोषण ती माता होण्याच्या पुष्कळ आधीं, ती मुलगी असतांनाच, सुरू झालें पाहिजे.

येथें विषय संशोधकांच्या हातून निघून आपल्या हातीं येतो. आपल्या देशांत २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, व तिच्या अंगणवाड्या आज गांवोगांव आहेत. गोळ्या मिळतात, शाळेंतही वाटल्या जातात. तरीही वर दिलेले आंकडे आपल्यापुढें आहेतच. याचें कारण केवळ गरिबी नव्हे; दारिद्र्य हें मोठें कारण आहे, परंतु कांहीं अंशीं कारण आपल्या स्वयंपाकघरांतही आहे. आमच्या अनेक घरांत अजून पुरुष आधीं जेवतात, मग मुलगे, मग मुली, आणि सर्वांच्या मागून आई. भाजी संपली असेल तर ती चटणीबरोबर भाकरी खाते, आणि दूध उरलें नसेल तर त्याची कोणास आठवणही होत नाहीं. ती तक्रार करीत नाहीं, म्हणून तिला भूक नाहीं असें आपण समजतों. घरांतील मुलगी हें रोज पाहते, व पुढें आपल्या घरीं तेंच करते. विल्सबाईंनीं मुंबईंत जो रोग पाहिला, त्याचें बीज अशाच ताटांत होतें.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे. घरांत जेवण एकत्र व्हावें, आणि जें शिजलें असेल त्याचा सारखा वांटा मुलीस व आईस मिळावा. सकस अन्न म्हणजे महागडें अन्न, हा समज टाकून द्यावा. चवळई, माठ, शेवग्याचा पाला, मोडाचीं कडधान्यें, शेंगदाणे, नाचणी, हीं आपल्याच मातीचीं देणीं आहेत. ज्यांच्या घरीं चालतें त्यांनीं अंडें व मासळी मुलींसही द्यावी. जेवणांत लिंबाची फोड असावी, व जेवणावर लगेच चहा घेऊं नये, म्हणजे अन्नांतील लोह अंगीं लागतें. अठरा वर्षांच्या आंत मुलीचें लग्न करणें हा कायद्यानें गुन्हा आहेच. परंतु जिचें स्वतःचें शरीर अजून वाढत आहे, तिच्यावर दुसऱ्या शरीराचा भार टाकणें हा त्याहून मोठा अन्याय आहे. आणि अशक्त मूल जन्मास आलें तर त्याचा दोष सुनेच्या माथीं मारूं नये. तिच्या ताटांत आपण काय वाढलें, हें आधीं स्वतःस विचारावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कोणी पुढें डॉक्टर होतील, कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, आणि बहुतेक सर्वच आईबाप होतील. विल्सबाईंची चिकाटी, विल्यम्सबाईंची नम्रता व ग्वाटेमालांतील शोधकांचा धीर यांपैकीं जो गुण तुम्हांस साधेल तो साधा. शुभवर्तमानांत याइराच्या बारा वर्षांच्या मुलीची कथा तुम्हीं ऐकली आहे. ती उठून चालूं लागली, तेव्हां भोंवतालचे लोक आश्चर्यानें थक्क होऊन उभे राहिले. प्रभूला मात्र आठवण झाली ती त्या मुलीच्या भुकेची, आणि तिला खावयास द्यावें असें त्यानें घरच्यांस सांगितलें. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर एवढी साधी आज्ञा! ती पाळण्यास विद्वत्ता लागत नाहीं, धन फारसें लागत नाहीं. लागतें तें लक्ष. आज संध्याकाळीं पानें मांडलीं जातील, तेव्हां आईचें व बहिणीचें पान आपल्या पानाशेजारीं मांडलें आहे कीं नाहीं, तेवढें पाहा.